बाहेरचं

माझ्यासमोर दुसरीतल्या मुलाची एक दुरेघी वही आहे. वर उजव्या कोपऱ्यात तारीख : ७ डिसेंबर २०१८, शुक्रवार. खाली शुद्धलेखनाच्या आठ ओळी. अक्षर ठसठशीत, दोन रेघांच्या मधे नीट बसलेलं, शेवटी बाईंची लाल सही आणि 'छान'. पुढचं पान ११ डिसेंबरचं, मंगळवार. 'क'चं पोट रेघेखाली घसरलंय, काने तिरके झालेत, एकच शब्द चारदा खोडून पाचव्यांदा लिहिलाय आणि खोडरबरानं कागद फाटलाय. तिसरी ओळ अर्ध्यातच थांबली आहे. या दोन पानांच्या मधे एक शनिवार, एक रविवार आणि एक सोमवार आहे.

मी कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते. साधन कसं वाचायचं, हस्ताक्षर बदललं तर काय समजायचं, हे दर वर्षी अकरावीच्या मुलांना सांगते. उदाहरणं जुन्या पत्रांची असतात. घरातलं हे साधन वर्गात कधी नेलं नाही. आता मुलगा नववीत आहे, त्याला विचारून लिहितेय. त्याची अट एकच : नाव घालायचं नाही.

आम्ही वारणानगरला राहतो. तात्यासाहेब कोऱ्यांनी माळावर कारखाना काढला आणि त्याच्याभोवती दूध संघ, शाळा, कॉलेजं, बाजार असं सगळं गाव वसलं. बाहेरच्यांना आमचं गाव दोन गोष्टींसाठी माहीत असतं, दुधाच्या पिशवीसाठी आणि मुलांच्या वाद्यवृंदासाठी. १९९८मध्ये आणखी एक निमित्त झालं होतं. 'वायर्ड व्हिलेज' नावाच्या सरकारी प्रकल्पात आसपासची सत्तर गावं संगणकानं जोडायची ठरली होती, तेव्हा वर्तमानपत्रांतून बरंच छापून आलं. वीस वर्षांनी रात्री दोन वाजता मोबाइलवर मुलाच्या आजाराची नावं शोधताना मला ते आठवलं.

डिसेंबर म्हणजे गाळपाचा ऐन हंगाम. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या, हवेत मळीचा वास, पहाटे धुकं. हंगामात पोरांचे घसे धरतातच. नोव्हेंबरच्या शेवटी याचाही धरला होता. दोन दिवस ताप, एक सिरप, मिठाच्या गुळण्या, तिसऱ्या दिवशी शाळा. हे कुणी लिहूनसुद्धा ठेवत नाही.

शनिवारी सकाळी तो बेसिनपाशी उभा होता. मी दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा गेले तर हात कोपरापर्यंत लाल झाले होते आणि तो अजून साबण लावत होता. "आई, मी माझी थुंकी गिळली तर मरेन?" दुपारी तो तोंडात थुंकी साठवून घरभर फिरत होता, गाल फुगवून, डोळ्यांत पाणी. संध्याकाळपासून डोळे मिचकावणं आणि उजवा खांदा उडवणं सुरू झालं. रात्री माझी ओढणी मनगटाला गुंडाळून झोपला, आणि चार वर्षांत पहिल्यांदा अंथरूण ओलं झालं. रविवारी जेवण थांबलं. माझ्यासमोर फोडलेल्या नव्या पुड्यातलं बिस्कीट तेवढं चालत होतं. पाणी नाही. सोमवारी मी त्याला मारलं. हेही लिहायला हवं.

पुढचे दोन महिने आम्ही काय काय ऐकलं त्याची यादी मोठी आहे. शेजारच्या काकूंच्या मते दृष्ट. सासूबाईंनी मीठ-मोहरी-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. मी काही बोलले नाही, कारण तोवर माझ्याकडेही दुसरं काही नव्हतं. एका डॉक्टरांनी एकुलता एक, लाडावलाय असं सांगितलं. दुसऱ्यांनी मुलाला बाहेर बसवलं आणि मला विचारलं, "तुम्ही नोकरी करता का?" मी हो म्हटलं. त्यांनी ते लिहून घेतलं. त्या केसपेपरवर मुलाच्या घशाबद्दल एक अक्षर नाही, माझ्या नोकरीबद्दल मात्र आहे.

आईवर बोट ठेवायची ही रीत आपल्याकडचीच नाही. अमेरिकेत लिओ कॅनर यांनी १९४३मध्ये स्वमग्नतेचं वर्णन केलं, आणि पुढे त्या मुलांच्या आयांना थंड, रेफ्रिजरेटरसारख्या म्हटलं गेलं. ब्रुनो बेटेलहाइम यांनी १९६७मध्ये त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. ते मत खोटं ठरायला बरीच वर्षं गेली आणि तोवर एका पिढीतल्या आयांनी ते खरं मानलं होतं.

आपल्याकडे आईला दोष न देणारा एक शब्द आहे, आणि त्याचं मला त्या दिवसांत पहिल्यांदा महत्त्व कळलं. 'बाहेरचं.' पोराला बाहेरचं झालंय. म्हणजे लागीर, बाधा, झपाटणं, जे काही असेल ते त्याच्या आतलं नाही आणि आमच्या घरातलंही नाही. रस्त्यात, तिकटीवर, कुणाच्या तरी उताऱ्यावर पाय पडला आणि आलं. हा शब्द मूर्ख नाही. शुक्रवारचं लेकरू मंगळवारी ओळखू येत नाही तेव्हा आईला जे दिसतं, तेच तो सांगतो. हात पुन्हा पुन्हा धुण्याला मराठीत मंत्रचळ म्हणतात. त्याही शब्दात एक गोष्ट दडलेली आहे, मंत्र चुकला आणि माणूस चळला. हल्ली सगळे ओसीडी म्हणतात. त्यात गोष्ट नाही, नुसती आद्याक्षरं आहेत.

अक्काची गोष्ट सासऱ्यांनी जानेवारीत सांगितली. ते कारखान्यातून निवृत्त झालेले, सुरुवात चिटबॉय म्हणून केलेली. पोराचा उडणारा खांदा बघत बसले होते, आणि एकदम म्हणाले, "आमच्या अक्काला असंच झालतं."

अक्का त्यांची थोरली बहीण. १९६२च्या पावसाळ्यात, अकरा वर्षांची असताना, तिच्या हातातून वस्तू पडायला लागल्या. आधी वाटी, मग तांब्या, मग पाण्यानं भरलेली कळशी. तोंड वेडंवाकडं व्हायचं. एक पाय फरफटायचा. शाळेत मास्तरांनी वेडावून दाखवतेस म्हणून छडीनं फोडून काढलं. हसता हसता रडायची. झोपली की मात्र सगळं थांबायचं, आणि हे आजीला सगळ्यात भीतीदायक वाटायचं, कारण झोपेत जे निघून जातं ते रात्री जातं कुठं? मग नरसोबाची वाडी झाली. तिथं कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर दत्ताच्या पादुका आहेत आणि बाधा झालेल्यांना घेऊन येण्याची फार जुनी वाट आहे. आजी तिला घेऊन तीन महिने राहिली. पहाटे नदीत स्नान, ओल्या अंगानं प्रदक्षिणा. दिवाळीपर्यंत अक्का बरी झाली. पुढे सासऱ्यांच्या घरात कुणी वाडीची पौर्णिमा चुकवली नाही.

१९६८मध्ये तिचं लग्न झालं. १९७१मध्ये पहिलटकरीण, सातवा महिना, तिला दम लागायला लागला. आडवं होता येईना. बैलगाडीनं आणि मग एसटीनं मिरजेला नेलं. मिरजेची दवाखान्यांची ख्याती तेव्हाही मोठी, १८९४मध्ये विल्यम वॉनलेस यांनी मिशनचं रुग्णालय काढल्यापासूनची. तिसऱ्या दिवशी अक्का गेली, आणि मूलही. सासऱ्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत जुन्या रेशनकार्डाबरोबर तिचा कागद होता. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. मला दिला. शाई फिकट झालेली, पण दोन शब्द स्वच्छ होते : मायट्रल स्टेनोसिस. हृदयाची झडप आकसलेली. गरोदरपणात रक्त वाढतं, हृदयाचं काम वाढतं, आणि तोवर निमूट चाललेली झडप नेमकी तेव्हाच हार खाते.

सासऱ्यांना ते दोन आजार वाटत होते. लहानपणी बाहेरचं, मोठेपणी काळीज. मलाही.

१६८६मध्ये लंडनचे एक डॉक्टर, थॉमस सिडनहॅम यांनी लहान मुलांच्या एका विकाराचं थोडक्यात वर्णन करून ठेवलं. मूल एक पाय ओढत चालतं. हात छातीवर ठेवला तर क्षणभरही तिथं राहत नाही. पाण्याचा पेला तोंडाशी नेताना ते डोंबाऱ्यासारखे शंभर हावभाव करतं आणि मग एकदम घटकन पिऊन टाकतं. ते वाचलं तेव्हा मला अक्काचा तांब्या दिसला. सिडनहॅमनी आजाराचं नाव जुनंच वापरलं, संत व्हायटसचं नृत्य. हे नाव मुळात वेगळ्याच प्रकाराचं. १५१८मध्ये स्ट्रासबुर्ग शहरात माणसं रस्त्यावर नाचायला लागली आणि कित्येक दिवस थांबेनात, तेव्हा त्यांना संत व्हायटसच्या देवळात नेलं होतं. म्हणजे तिकडचीही एक वाडी होती.

गंमत अशी की संधिवाताच्या तापाचंही उत्तम वर्णन सिडनहॅमनीच केलेलं आहे. दोन्ही त्यांच्याच हातचं, पण दोहोंचा संबंध त्यांना लागला नाही. तो लागायला दीडशे वर्षं गेली. फ्रान्सचे जर्मेन से यांनी १८५०मध्ये या नृत्यरोगाचा आणि संधिवाताचा धागा जोडला. विल्यम ऑस्लर यांनी १८९४मध्ये कोरियावर, म्हणजे याच आजारावर, पुस्तक लिहिलं. मिरजेचं रुग्णालय सुरू झालं तेच साल. मग विसाव्या शतकात गाठी भराभर सुटल्या. अल्विन कोबर्न यांनी १९३१मध्ये संधिवाताच्या तापामागे घशातला स्ट्रेप्टोकॉकस आहे हे मांडलं. १९३३मध्ये रेबेका लान्सफील्ड यांनी या जंतूंचे गट पाडले, त्यातला 'अ' गट आपला. १९७६मध्ये कोरियाच्या मुलांच्या रक्तात अशी प्रतिपिंडं सापडली, जी त्यांच्याच मेंदूच्या खोलवरच्या गाठींना जाऊन चिकटतात. हालचाल सुरू करणं, थांबवणं, एक काम झालं की मनाला 'झालं' असं सांगणं, ही त्या गाठींची कामं.

हे मी सासऱ्यांना समजावायचा प्रयत्न केला. जंतूच्या अंगावरची काही खूण आपल्या शरीरातल्या खुणेशी जुळते. शरीर जंतूला मारायला शिपाई तयार करतं, आणि ते शिपाई चुकून हृदयाच्या झडपेवर, सांध्यावर, मेंदूवर जातात. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "नावात नाव." चिटबॉय असताना एकाच गावात एकाच नावाचे दोन शेतकरी असायचे, बापाचंही नाव तेच. ऊस एकाचा जायचा, बिल दुसऱ्याच्या खात्यावर. "काटा बरोबर असतो, पावती बरोबर असते, तरी भांडण लागतंय." मी पुष्कळ वाचलंय, पण मॉलिक्युलर मिमिक्रीचं याहून चांगलं मराठी मला मिळालेलं नाही.

आणि त्यामुळे 'बाहेरचं' या शब्दाचं काय करायचं हा प्रश्न अवघड होतो. जंतू बाहेरचाच. पण मोडतोड जंतू करत नाही. तो बरेचदा मरून गेलेला असतो. करणारं आपलंच.

अक्काला दोन आजार नव्हते. एकच होता. घसा धरला, त्यातून संधिवाताचा ताप, त्यातून कोरिया. कोरिया काही महिन्यांत बहुतेक वेळा आपला आपणच ओसरतो. वाडीला नेलं असतं किंवा नसतं, दिवाळीपर्यंत अक्का बरी व्हायचीच होती. मी यावरून दत्ताशी भांडत नाही. आजीनं तीन महिने पोरीला नदीकाठी जपलं, मारलं नाही, डांबलं नाही; मास्तरांनी जे केलं त्याच्या तुलनेत हे पुष्कळ बरं. पण बरी झाली म्हणजे झालं, असं सगळ्यांनी धरलं. नाच थांबला, आणि झडपेचं काम आत चालू राहिलं. जुने डॉक्टर म्हणायचे की हा ताप सांधे नुसते चाटतो आणि काळजाला चावतो.

यातली मला झोप न लागू देणारी गोष्ट तारखांची आहे. १९५०मध्ये अमेरिकेतल्या वायोमिंगमधल्या एका लष्करी तळावर सिद्ध झालं की घसा धरलेल्या सैनिकांना वेळेत पेनिसिलिन दिलं तर संधिवाताचा ताप टळतो. १९५४मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं, आणि १९५५मध्ये तिथं पेनिसिलिन तयार व्हायला लागलं. अक्का तेव्हा चार वर्षांची होती. एकदा कोरिया झालेल्या मुलाला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं लांबणीचं इंजेक्शन, वर्षानुवर्षं, द्यायचं असतं, म्हणजे पुढच्या घशाला झडप वाचते. १९६२मध्ये ते औषध याच राज्यात, पुणे-बंगळूर रस्त्यावर एका दिवसाच्या अंतरावर बनत होतं. नव्हतं ते अक्काकडे बघून 'हिचा घसा धरला होता का?' असं विचारणारं माणूस.

हा प्रश्न आम्हाला फेब्रुवारीत पुण्यात विचारला गेला. मुलांच्या मेंदूविकारांच्या डॉक्टर होत्या. मी फाइल उघडली तर म्हणाल्या, ती राहू दे, आधी मला तारखा सांगा. एखाद्या महिन्यात हळूहळू वाढलं की एका रात्रीत? मी वही काढली. त्यांनी दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ पाहिली. मग घशाचं विचारलं.

रक्तात एएसओ नावाची चाचणी करतात. १९३२ सालची जुनी युक्ती आहे, स्ट्रेप्टोकॉकस नुकताच येऊन गेला का ते कळतं. याची वाढलेली निघाली. मला रडू आलं, आनंदानं. डॉक्टरांनी मला थांबवलं. "शाळेत जाणाऱ्या कितीतरी ठणठणीत मुलांची वाढलेली असते. यानं फार काही सिद्ध होत नाही." आधी हृदयाची सोनोग्राफी केली. ते टेबलावर झोपलेलं लेकरू, छातीवर तो थंड जेल, आणि पडद्यावर उघडमीट करणारी झडप. ती स्वच्छ होती. बाहेर बाकावर सासरे बसले होते. त्यांना मी झडप चांगली आहे म्हटलं तर त्यांनी तिथंच चपला काढून हात जोडले.

मग नाव. १९८९मध्ये अमेरिकेत सुझन स्वीडो यांनी कोरिया झालेल्या मुलांमध्ये मंत्रचळ आढळतो हे दाखवलं. त्यावरून त्यांना शंका आली : नाच न येता नुसता मंत्रचळच आला तर? झटके, भीती, अक्षर बिघडणं, अंथरूण ओलं करणं, आणि हे सगळं घशानंतर एकाएकी? १९९८मध्ये त्यांनी अशा पन्नास मुलांची हकिगत प्रसिद्ध केली आणि त्याला लांबलचक नाव दिलं, ज्याची आद्याक्षरं जोडून 'पॅन्डास' होतं. (मुलाला हे फार आवडलं. मला पांडा झालाय, असं तो आजीला सांगायचा.) २०१२मध्ये स्ट्रेप्टोकॉकसची अट सैल करून 'पॅन्स' हे दुसरं नाव आलं, कारण कधी कारण दुसरं असतं आणि कधी सापडतच नाही.

पुण्याच्या डॉक्टरांनी मला एक गोष्ट आडपडदा न ठेवता सांगितली, आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. या निदानावर भांडण आहे. सगळ्या मुलांचे घसे वर्षातून दोन-तीनदा धरतात, पुष्कळ मुलांना झटके येतात-जातात, मग जोडी जमवायला किती वेळ लागतो? २००४मध्ये कुर्लान आणि कॅप्लान यांनी हेच लिहिलं. उपचारांचंही तसंच : १९९९च्या एका छोट्या अभ्यासात प्रतिपिंडं बदलण्याचे उपचार गुणकारी दिसले, २०१६च्या दुसऱ्या छोट्या अभ्यासात इम्युनोग्लोब्युलिन आणि नुसतं पाणी यांत ठाम फरक दिसला नाही. २०२४च्या अखेरीस अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं अहवाल काढला तोही सावधच. अक्काचा कोरिया ही शंकेपलीकडची गोष्ट. माझ्या मुलाचं जे काही आहे ते त्याच्या शेजारच्या घरातलं, पण सातबारा अजून निघालेला नाही.

डॉक्टरांनी दहा दिवस पेनिसिलिन दिलं. सोबत मंत्रचळाची नेहमीची थेरपी, थोडी गोळी. थेरपी म्हणजे हात न धुता पाच मिनिटं बसायचं, मग दहा, मग पंधरा, आणि मी शेजारी बसून 'नाही मरणार' असं म्हणायचं नाही. हे माझ्यासाठी त्याच्याइतकंच कठीण होतं. गुण पेनिसिलिननं आला, गोळीनं आला, थेरपीनं आला, की नाच दिवाळीपर्यंत ओसरतो तसा आपणच आला? एप्रिलमध्ये त्यानं माझ्या ताटातला भात खाल्ला.

आणि इथून पुढची माझी चूक सुरू होते.

मला आता कारण मिळालं होतं. जंतू. लाड नव्हे, नोकरी नव्हे, मी सोमवारी मारलं ते नव्हे. इतकं मोठं माफीपत्र हातात आल्यावर ते कोण सोडेल? पुढच्या हंगामात त्यानं दोनदा डोळे मिचकावले की मी कपाटातलं उरलेलं अँटिबायोटिक द्यायचे. डॉक्टरांना न विचारता, नवऱ्याला न सांगता. वर्षभरात पाच वेळा. त्याचं पोट बिघडलं, वजन उतरलं. टॉन्सिल काढून टाका म्हणून मी एका सर्जनच्या मागे लागले होते. त्यांनी नकार दिला तर मी दुसरे शोधत होते. दिवसातून चार वेळा बॅटरी घेऊन त्याचा घसा बघायचे. एकदा तो म्हणाला, "आई, तू पण मोजतेस." तो त्याच्या हात धुण्याबद्दल बोलत होता.

त्याच सुमारास मी हेन्री कॉटनबद्दल वाचलं. हे गृहस्थ १९०७पासून न्यू जर्सीतल्या ट्रेन्टनच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख होते. त्या काळी ती कल्पना खुळी नव्हती. १९१३मध्ये नोगुची आणि मूर यांनी एका प्रकारच्या वेडानं मेलेल्यांच्या मेंदूत सिफिलिसचे जंतू दाखवले होते. त्याच वेडावर मलेरियाचा ताप आणून इलाज केल्याबद्दल वाग्नर-यॉरेग यांना १९२७मध्ये नोबेल मिळालं. १९१७मध्ये व्हिएन्नाच्या फॉन इकोनोमो यांनी निद्रारोगाची साथ नोंदवली, जिच्यातून वाचलेली कितीतरी मुलं स्वभावानं पार बदलून गेली होती. कॉटननी यातून एक सरळ निष्कर्ष काढला : सगळं वेड संसर्गातून येतं. मग त्यांनी रुग्णांचे दात उपटायला सुरुवात केली. मग टॉन्सिल. मग आतडी. आतड्यांच्या शस्त्रक्रियेत माणसं पटापट मरत होती आणि तरी ते ८५ टक्के बरे होतात असं सांगत होते. आणि आईवडील आपली मुलं घेऊन त्यांच्याकडे रांग लावत होते. कॉटननी स्वतःच्या दोन मुलांचेही दात काढून टाकले होते. दुष्ट माणूस असं करत नाही. आपल्या लेकरात बाहेरचं काही राहू नये म्हणून झपाटलेला बाप करतो.

मी पुण्याला फोन करून सगळं सांगितलं. बोलणी खाल्ली. कपाट रिकामं केलं. आता नियम असा आहे : घसा धरला तर कोल्हापूरला स्वॅब, जंतू निघाला तर पूर्ण कोर्स, नाही निघाला तर मिठाच्या गुळण्या.

ऑगस्ट २०१९च्या महापुरात शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला आणि आठवडाभर कोल्हापूर तुटलं, तेव्हा त्याच्या रोजच्या गोळ्या संपत आल्या होत्या. आम्ही अर्धी अर्धी करून पुरवली. त्याहून विचित्र काळ मार्च २०२०नंतरचा. ज्या मुलाला आम्ही वर्षभर हात धुऊ नकोस म्हणून शिकवलं, त्याला आता फोनची रिंगटोनसुद्धा हात धुवा म्हणून सांगत होती. तो म्हणाला, "बघ, सगळ्यांना झालं." आम्ही घाबरून बसलो होतो, पण तो शांत राहिला. कदाचित नियम सगळ्यांना सारखा असला की तो ओझं होत नाही. शाळा बंद, मास्क, दोन हंगाम घसा धरला नाही आणि खांदाही उडाला नाही. माझ्यातल्या इतिहासाच्या बाईला हे पुरावा म्हणून मांडायचा मोह होतो. एक मूल, दोन हंगाम. यावर मी विद्यार्थ्याला नापास करीन.

स्ट्रेप्टोकॉकसला दाटी लागते. एका खोलीत जितकी माणसं जास्त, तितकी त्याची चंगळ. म्हणूनच श्रीमंत देशांत अक्काचा आजार आता क्वचित दिसतो आणि आपल्याकडे अजून आहे. आमच्या भागात हंगामाला बीडकडून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. उसाच्या वाड्याच्या कोप्या, एकेका कोपीत पाच-सहा माणसं, पहाटेच्या थंडीत फडावर निघालेली पोरं. मी साखरशाळेत अधूनमधून शिकवायला जाते. गेल्या वर्षी एक नऊ-दहा वर्षांची मुलगी जिना चढताना दोनदा बसली. मी तिला घसा, सांधे, पडणारी भांडी असं काय काय विचारलं. तिच्या आईला वाटलं मी बाधेबद्दल विचारतेय. "तसलं काय न्हाई बाई आमच्यात."

२०१३च्या फेब्रुवारीत पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात झाली. शाळा-अंगणवाडीत डॉक्टरांची पथकं जातात आणि तपासायच्या तीस आजारांच्या यादीत संधिवाताचा हृदयरोग आहे. यादीत आहे हे मोठंच. पण टोळी ऑक्टोबरात गाव सोडते आणि पथक गावच्या शाळेत येतं तेव्हा मुलगी आमच्याकडे फडावर असते. त्या मुलीला आम्ही कोल्हापूरला नेलं. तिची एक झडप गळतेय. आता दर एकवीस दिवसांनी इंजेक्शन. मार्चमध्ये टोळी परत गेली तेव्हा मी तिच्या आईला एक वही दिली, तारखा लिहिलेली. फोन लागतो कधी कधी.

त्याच २०१३ साली ऑगस्टमध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला मारहाण करणं आता गुन्हा आहे. दाभोलकर मिरजेच्याच वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. कायदा हवाच होता. पण कायद्यात मास्तरांची छडी येत नाही, आणि आईची चापटही नाही.

मुलाला अक्काची गोष्ट मी मागच्या वर्षी सांगितली. त्यानं ऐकून घेतली आणि विचारलं, तिला शाळेतून काढलं का? मी म्हटलं, हो, त्या मारानंतर ती गेलीच नाही. त्याला झडपेचं काही वाटलं नाही, शाळेचं वाटलं. मग त्यानं कागद मागितला. ट्रंकेतला तो कागद आता प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये आहे, त्याच्या दुरेघी वहीशेजारी. तो म्हणतो, दोन्ही एकत्र ठेव.

परवा, हंगाम सुरू होऊन पंधरा दिवस झाले होते, त्याचा घसा धरला. ताप शंभर. आम्ही स्वॅब दिला. रिपोर्ट दोन दिवसांनी येणार होता. रात्री मी पाणी प्यायला उठले तर त्याच्या खोलीत दिवा. तो टेबलाशी बसून एका कोऱ्या कागदावर स्वतःचं नाव लिहीत होता, एकाखाली एक, मोठ्या अक्षरात. मला बघून म्हणाला, "काही नाही, बघतोय." मी शेजारी खुर्ची ओढून बसले. आम्ही दोघांनी ती नावं पाहिली.